चादरींचा ताळेबंद

आमच्या रुग्णालयात पेशंट किती आहेत असं विचारलं तर आकडा मिळतो. चादरी किती आहेत असं विचारलं तर चहा मिळतो. हा चहा मी इतक्यांदा प्यायलोय की आता नुसता रजिस्टर उघडल्याचा आवाज आला तरी मला ॲसिडिटी होते.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पै-पैचा मेळ लागल्याशिवाय शटर ओढायचं नाही, या शिस्तीत उभा जन्म गेला. ट्रस्टचे अध्यक्ष (त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं) एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमच्यासारखा चोख माणूस हवाय आम्हाला. खर्च आटोक्यात येत नाही." मला वाटलं, औषधखरेदी असेल. गेला बाजार ऑक्सिजन तरी. "कशावरचा खर्च?" मी ताठ बसून विचारलं.

"चादरी," अण्णा म्हणाले आणि जिलबीवाल्याला हाक मारली.

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "आपल्या घरातले उशांचे अभ्रे कुठल्या कप्प्यात असतात ते सांगा आधी." मी त्या आक्षेपाची नोंद घेतली नाही आणि दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन रुग्णालयात हजर झालो.

पुस्तकातला हिशोब अगदी सोपा असतो. दर खाटेमागे पाच-सहा संच ठेवायचे. एक खाटेवर, एक मळका, एक धुण्यात, एक धुऊन परतीच्या वाटेवर, एक वॉर्डच्या कपाटात आणि एक स्टोअरमध्ये अडीअडचणीला. आमच्या खाटा शंभर. म्हणजे चादरी सहाशे. खरेदीचं रजिस्टर सांगत होतं की इचलकरंजीहून ठाण आणून, शिवून घेऊन, सातशेच्या वर चादरी आलेल्या आहेत. आणि जनरल वॉर्डात नातेवाईक घरून चादर आणत होते.

मी एका खाटेच्या सहा चादरींचा माग काढायचं ठरवलं. पहिली पेशंटच्या खाली होती. दुसरी पेशंटच्या अंगावर, कारण ब्लँकेट धुवायला गेलेलं. तिसरी खाटेखाली होती आणि तिच्यावर पेशंटचा मेहुणा घोरत होता. चौथी खिडकीला बांधलेली, कारण पडद्यांची निविदा उघडायची राहिली होती. पाचवीचं गाठोडं करून त्यात मळक्या चादरी बांधल्या होत्या. सहावीबद्दल विचारलं की सगळे छताकडे बघायचे. शेवटी मीही बघितलं, तर सहावी खरोखरच तिथे होती: बंद पडलेल्या पंख्याला गुंडाळलेली, धूळ बसू नये म्हणून.

मग मी सरसकट मोजणीचा फतवा काढला. एकेका वॉर्डात जायचं, चादरी मोजायच्या, सिस्टरची सही घ्यायची. प्रत्येक ठिकाणी स्वागत झालं, चहा झाला आणि प्रत्येक वॉर्डात संख्या बरोब्बर भरली. संध्याकाळी बेरीज केली तर चादरी नऊशेच्या पुढे! बँकेत रोकड कमी भरली तर माणूस खिशातून घालून मोकळा होतो. जास्त भरली की ब्रँच मॅनेजरला दरदरून घाम फुटतो. माझं तेच झालं. खरेदी सातशे आणि शिल्लक नऊशे, म्हणजे चादरींना पिल्लं झाली की काय?

खुलासा वॉर्डबॉय मामांनी केला, तोही बिडीच्या बदल्यात. मी पुरुष वॉर्डात मोजणी उरकून चहाला बसलो की त्याच चादरी मागच्या जिन्याने स्त्रियांच्या वॉर्डात जात होत्या. "तुम्ही चहा सावकाश पिता, साहेब," मामा कौतुकाने म्हणाले. शिवाय नगाचा घोळ होता. चादर मधोमध फाटली की कापून तिचे दोन ड्रॉ शीट करतात, ते विरले की बाळंतिणीच्या वॉर्डात बाळांना गुंडाळायची चार फडकी, आणि त्यांचीही रया गेली की पुसणी. रजिस्टरमध्ये प्रत्येकाची नोंद 'नग एक'. फाटल्याने जिंदगी वाढते असा ताळेबंद मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पण खरी तिजोरी वेगळीच होती. मेट्रनबाईंच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. किल्ली बाईंच्या कमरेला. ते कपाट उघडायला लावलं त्या दिवशी मी मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घेतलं. आत वरपासून खालपर्यंत कोऱ्या करकरीत चादरी, मध्ये मध्ये डांबराच्या गोळ्या, वर स्वच्छ पंचा झाकलेला.

"बाई, या दीडशे चादरी इथे कशाला?"

"अडीनडीला."

"अहो, वॉर्डात पेशंट नुसत्या रेक्झिनवर झोपलेत!"

"त्यांचा उद्या डिस्चार्ज आहे. पण समजा, रात्री घाटात बस पलटी झाली आणि पन्नास जण आले, तर?"

"तर या चादरी काढाल?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. जुन्या काढीन. रक्ताने नव्या खराब होतील."

पुढे कळलं की असं कपाट एकच नाही. प्रत्येक वॉर्डाच्या सिस्टरचं आपलं एक छोटं संस्थान आहे. कुणी गादीखाली चादरी ठेवतं, कुणी निकामी बेबी वॉर्मरमध्ये, लेबर रूमने तर ऑटोक्लेव्हच्या ड्रममध्ये ठेवल्या होत्या, वर 'निर्जंतुक, उघडू नये' अशी चिठ्ठी लावून. स्टोअरमधून चादरी वेळेवर मिळत नाहीत म्हणून सिस्टर साठवतात. सिस्टर साठवतात म्हणून स्टोअरमध्ये चादरी नसतात. मग स्टोअरकीपर नव्या खरेदीचा इंडेंट टाकतो आणि आलेल्या मालातला थोडा स्वतःच्या टेबलाखाली ठेवतो, कारण मार्चअखेरीला तपासणी येईल तेव्हा दाखवायला काहीतरी हवं. यात चोरी कुणीच करत नाही. सगळे फक्त काळजी घेतात. त्या काळजीचं वर्षाचं बिल पाहून अण्णांनी रक्तदाबाची गोळी बदलून घेतली.

ही कथा मी घरी अगदी रंगवून सांगितली. बायको हसली नाही. आमच्या लग्नात आलेली एक गुलाबी फुलांची डबल चादर अजून तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पाहुण्यांसाठी. तेवढ्या काळात पाहुणे पुष्कळ येऊन गेले. पण ते तसले पाहुणे नव्हते.

चादरी सापडल्या की धुण्याचा प्रश्न येतो. आमचं धुण्याचं कंत्राट किलोवर होतं. दर पावसाळ्यात बिल का फुगतं ते मला कळेना. मळके कपडे नेताना वजन करायची पद्धत होती, आणि नेमकी त्याच वेळी गाठोडी पन्हाळीखाली ठेवलेली असायची. कंत्राटदाराला जाब विचारला.

"पाणी वरून पडतं, साहेब. त्यात माझा काय दोष?"

मग मी ठरवलं की वजन परत आणताना करायचं. चादरी ओलसर यायला लागल्या. "ऊन कुठाय, साहेब?" तेही खरंच होतं. शेवटी चिडून कंत्राट नगावर नेलं. चादर, अभ्रा, ब्लँकेट, सगळ्यांना एकच दर. माझ्या हिशोबाने हा मास्टरस्ट्रोक होता. दुसऱ्या आठवड्यापासून उशीचे अभ्रे खळ घालून, इस्त्री होऊन, न विचारता यायला लागले; ब्लँकेटं मात्र 'लायनीत' होती. पहिल्या बिलात नगांची संख्या पाहून माझा चष्मा खाली आला. पेशंटच्या गाऊनच्या नाड्या वेगळ्या मोजल्या होत्या. गाऊनला नाड्या चार.

अण्णा म्हणाले, एकदा लाँड्री डोळ्यांनी बघून या. मी अभ्यास करून गेलो. रुग्णालयाचे कपडे 71 अंशांच्या गरम पाण्यात 25 मिनिटं तरी घोळले पाहिजेत, म्हणजे जंतू मरतात, असा एक मान्यताप्राप्त दंडक आहे. कंत्राटदाराने अभिमानाने मशीन दाखवलं. काटा बरोब्बर 71 वर. मी खूष होऊन टाळी वाजवणार तेवढ्यात लक्षात आलं की वीज गेलेली आहे आणि मशीनवर मांजर झोपलंय.

"काटा इमानदार आहे, साहेब," तो म्हणाला. "आकडा सोडत नाही."

या भेटीचा अहवाल समितीसमोर ठेवताना मी थोडा इतिहासही जोडला. फ्लोरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात, 1854 साली, स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली तेव्हा तिथल्या धुण्याची हीच दैना होती. बाईने सरळ एक घर भाड्याने घेतलं, पाणी तापवायला बॉयलर बसवून घेतले आणि सैनिकांच्या बायकांना मजुरी देऊन धुण्याला लावलं. अण्णांचे डोळे चमकले. "बघा! आपल्याकडे सैनिक नाहीत, पण डॉक्टर आहेत. त्यांच्या बायका—" एवढं बोलून ते थांबले, कारण समितीच्या खजिनदार सर्जनसाहेबांच्या पत्नी आहेत आणि त्या समोरच बसल्या होत्या. पुढचा विषय लगेच घेण्यात आला.

लाँड्रीकडून दर आठवड्याला एक डबाही परत येतो. गाठोड्यांत सापडलेल्या वस्तूंचा. त्यात कात्र्या, चिमटे, चमचे, टिफिनची झाकणं, एकदा चालू असलेला मोबाईल (वॉशरमध्ये बराच वेळ हनुमान चालिसा वाजत होती म्हणे) आणि आर्टरी फोर्सेप्स तर नेहमीच. पेशंटच्या पोटात काही राहू नये म्हणून ओटीत टाके घालण्याआधी हत्यारं आणि कापसाचे मॉप मोजतात. चादरीत काही राहू नये म्हणून कोण मोजणार? एकदा कवळी आली. तिच्यावर दोन आजोबांनी हक्क सांगितला. दोघांनी घालून बघितली, दोघांनाही बसली. निवाडा मामांनी केला. ज्यांना शेव चावता आली, त्यांची.

खरेदी थांबवायची तर देणग्या घ्याव्यात, असं एका सभासदाने सुचवलं. गावातल्या एका पेढीवाल्या शेटजींनी वडिलांच्या पुण्यतिथीला पन्नास अस्सल सोलापुरी चादरी दिल्या. सोलापुरी चादर म्हणजे काय वस्तू! पण ती एकटी उचलायला मावशींना दुसऱ्या मावशींची मदत लागते, आणि आमचं कंत्राट तोवर, नाड्यांच्या प्रकरणानंतर, पुन्हा किलोवर आलेलं. फुकटच्या चादरी धुता धुता ट्रस्ट धुऊन निघायची वेळ आली. त्यात शेटजींनी प्रत्येक चादरीवर ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं, 'कै. तीर्थरूप वडिलांच्या स्मरणार्थ'. पोट दुखतं म्हणून दाखल झालेल्या एका तरुणाच्या अंगावर ती चादर घातली. घडी अशी पडली की बरोब्बर छातीवर तेवढंच दिसत होतं: 'कै.' त्याच्या आईने जो टाहो फोडला तो आयसीयूपर्यंत ऐकू गेला. पोरगा त्या धक्क्याने उठून बसला आणि त्याचं पोट दुखायचंही थांबलं. अण्णांचं म्हणणं, याची नोंद उपचारात करावी.

मग रंगांचं खूळ आलं. बिहारच्या सरकारी रुग्णालयांत वाराप्रमाणे सात रंगांच्या चादरी घालतात. आज चादर बदलली की नाही हे दारातूनच कळतं. कल्पना खरोखर नामी आहे. अण्णांनी ती उचलली. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, असं पत्रक निघालं. पहिल्याच धुण्यात मंगळवारने रंग सोडला आणि आठवडाभराच्या चादरी गुलाबी झाल्या. पाय मोडून पडलेले एक गुरुजी मला म्हणाले, "साहेब, बाकी सोय उत्तम आहे. फक्त आल्यापासून मंगळवार संपत नाही."

चादरी बाहेर जाऊ नयेत म्हणून खुणेचा उपाय जुनाच. पूर्वी परीट बिब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करत. अंगाला लागला तर फोड येईल, पण कपड्यावरून जन्मात जायचा नाही. आमचा शिक्काही कोपऱ्यावरच असायचा. लोक कोपरा कापून नेत. मी ठराव केला की नाव चादरीच्या मधोमध, वीतभर उंचीच्या अक्षरांत छापायचं, म्हणजे माणसाला चारचौघांत वापरायची लाज वाटेल. लाजेचा माझा अंदाज साफ कोसळला. उन्हाळ्यात गच्चीवरून पाहिलं तर चहूकडे पापड-कुरडया आमच्या नावावर वाळत होत्या. गणपतीच्या मांडवात मूर्तीमागे आमचाच निळा पट्टा. अण्णा खूष. "एवढ्या पैशात होर्डिंग तरी लागलं असतं का?"

चीप शिवलेल्या चादरींचा एक एजंटही येऊन गेला. चादर दाराबाहेर चालली की शिट्टी वाजणार. "वाजली की धावणार कोण?" या एका प्रश्नावर सगळ्यांनी वॉचमनकडे बघितलं. वॉचमन आमचा सत्तरीचा आहे. एजंटने आपली बॅग आवरली.

डिस्चार्जच्या वेळी चादर अडवायचं काम मावशींकडे आहे. एकदा मी मुद्दाम बाजूला उभा राहून बघत होतो. पेशंटची बहीण डबे, थर्मास, कपडे आमच्या चादरीत बांधत होती.

"बाई, चादर ठेवून जा," मावशी म्हणाल्या.

"मग सामान कशात नेऊ?"

"आणलं तेव्हा कशात होतं?"

"सरकारी दवाखान्याच्या चादरीत."

"ती कुठाय?"

"ती तुमच्या धुण्यात गेली की हो, पयल्याच दिवशी!"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा तक्ता वाचायला लागलो.

फाटक्या चादरींची वेगळीच कहाणी. रक्ताने माखलेली, टाकाऊ झालेली चादर 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते, तिचा प्रश्न मिटतो. पण नुसती जीर्ण झालेली चादर टाकता येत नाही. तिला निर्लेखन समितीपुढे जावं लागतं. समितीत तिघं, आणि तिघं एका दिवशी कधीच मोकळे नसतात. तोवर चादरी एका खोलीत थांबतात. खोली भरली म्हणून दुसरी खोली घेतली. तिला कुलूप हवं म्हणून कुलूप आलं. राखायला रात्रीचा माणूस नेमला, आणि त्याला अंथरायला स्टोअरमधून एक नवी चादर द्यावी लागली.

शेवटी मी अभयदानाची योजना मांडली. गेटजवळ मोठी पेटी ठेवली आणि वर पाटी लावली: 'चुकून घरी गेलेली चादर येथे टाकावी. कोणीही काहीही विचारणार नाही.' कोणी टाकणार नाही, असं समितीचं एकमत होतं. पहिल्याच आठवड्यात पेटी ओसंडली. मी विजयी मुद्रेने ती समितीसमोर उघडायला लावली.

आमच्या चादरी निघाल्या, पण मोजक्या. त्याखाली रेल्वेचे टॉवेल आणि एक खाकी ब्लँकेट. एका तीर्थक्षेत्राच्या भक्तनिवासाचे अभ्रे. एका लॉजचा पंचा, जो खजिनदारबाईंनी पेनाच्या टोकाने बाजूला केला. मंगल कार्यालयाचा टेबलावरचा मखमली कपडा. आणि तळाशी, व्यवस्थित घड्या घातलेल्या, सरकारी दवाखान्याच्या चादरी, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. या जमा कुठल्या खात्यात धरायच्या यावर मी रजिस्टर उघडून बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सरकारी दवाखान्याचे स्टोअरकीपर.

"नमस्कार साहेब. तुमच्याकडे आमच्या चादरी जमा झाल्यात असं ऐकलं."

"झाल्यात. घेऊन जा."

"तसं नाही. तुमच्याही दोनेकशे आमच्याकडे आहेत."

माझा हात थरथरला. "मग अदलाबदल करू या?"

"कागद कोण करणार, साहेब? आमच्याकडून परत द्यायची तर वर लिहावं लागेल, चौकशी लागेल. त्यापेक्षा सोपं सांगू? तुमची वार्षिक मोजणी कधी असते?"

"मंगळवारी."

"मग सोमवारी रात्री आमची गाडी येईल, तुमच्या घेऊन. मोजा, सही घ्या. फक्त बुधवारी सकाळी आमच्या-तुमच्या सगळ्या मिळून इकडे पाठवा. आमची तपासणी गुरुवारी आहे."

मी मागच्या जिन्याची रुंदी मोजायला मामांना पाठवलं.